"बाई, मग 'गाढव' म्हटलेलं चालतं का?"



'वाक्प्रचार आणि म्हणी' हा घटक आपण सगळेच शिकवतो. अर्थ सांगायचा, वाक्यात उपयोग करून घ्यायचा, परीक्षेत दोन-चार गुणांचा प्रश्न येतो तेवढी तयारी करून घ्यायची आणि पुढच्या घटकाकडे वळायचं. मीही वर्षानुवर्षं हेच करत आले. पण आठवीच्या वर्गात एका दुपारी असा प्रसंग घडला की हा घटक मलाच पुन्हा पहिल्यापासून शिकावा लागला. त्यातून जो पाठ तयार झाला तो इथे देत आहे. तुम्हाला वर्गात किंवा घरी वापरता येईल.

घडलेला प्रसंग

मधली सुट्टी नुकतीच संपली होती. मी वर्गात शिरले तेव्हा दोन मुलं एकमेकांची कॉलर धरून उभी होती. चौकशी केली. एकाचे वडील घंटागाडीवर कचरा गोळा करायचं काम करतात. दुसरा त्याला म्हणाला होता, "आमच्या कचऱ्यावर जगता तुम्ही. गिधाडं!"

मला भयंकर राग आला. मी त्या मुलाला सगळ्यांसमोर उभं केलं आणि ओरडले, "गाढवा! कुणाच्या वडिलांबद्दल असं बोलतात? लाज नाही वाटत?"

वर्ग हसला. तो मुलगा मान खाली घालून उभा राहिला. तेवढ्यात मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. एरवी फारशी न बोलणारी. तिने अगदी शांतपणे विचारलं, "बाई, मग 'गाढव' म्हटलेलं चालतं का?"

आता वर्ग हसला नाही. मीही काही बोलू शकले नाही. "उद्या बोलू" एवढंच म्हणाले आणि पुस्तक उघडलं. पण त्या तासाला मी काय शिकवलं ते मला आठवत नाही.

आपल्या भाषेचा हिशेब

त्या रात्री वही घेऊन बसले आणि मराठीत प्राण्यांच्या नावाने आपण काय काय बोलतो ते लिहीत गेले. गाढव म्हणजे मूर्ख. कोल्हा लबाड. लांडगा क्रूर. सरडा रंग बदलणारा, म्हणजे विश्वास ठेवू नये असा माणूस. साप डूख धरतो. मगर खोटं रडते, म्हणून 'नक्राश्रू ढाळणे'. घुबड अशुभ. गिधाड दुसऱ्याच्या मरणावर टपलेलं. रेडा, बैल, डुक्कर, कुत्रा यांच्याबद्दल तर लिहायलाच नको.

मग आणखी एक गोष्ट लक्षात आली. एखाद्या माणसाने दया दाखवली की आपण म्हणतो, 'माणुसकी'. आणि एखाद्या माणसाने अत्याचार केला की वर्तमानपत्रं लिहितात, 'पशूंनाही लाजवेल असे कृत्य'. जे माणसाने केलं त्यालाच 'अमानुष' म्हणायचं! म्हणजे चांगलं ते माणसाच्या खात्यावर आणि वाईट ते जनावराच्या खात्यावर. वही आपल्या हातात, लेखणी आपल्या हातात, मग नफा आपल्याच नावावर निघणार. हिशेब तपासायला गाढव काही येणार नाही.

दुसऱ्या दिवशी मी फळ्यावर दोन रकाने आखले. पहिल्याचं नाव 'आपण काय म्हणतो'. दुसऱ्याचं नाव 'तो प्राणी खरं काय करतो'. पहिला रकाना मुलांनी दहा मिनिटांत भरला, फळा पुरेना. दुसरा रकाना तास संपेपर्यंत जवळजवळ कोरा राहिला. ज्या प्राण्याच्या नावाने आपण रोज कुणाला तरी हिणवतो, त्या प्राण्याबद्दल आपल्याला दोन वाक्यंही लिहिता येत नाहीत, ही गोष्ट मुलांना आणि मलाही टोचली. प्राण्यांबद्दलचा आपला अहंकार असा असतो. तो बंदूक घेऊन येतोच असं नाही. 'आपल्याला माहीत आहे' असं धरून चालणं, हेच त्याचं रोजचं रूप.

मग आम्ही ठरवलं की पुढचा आठवडाभर दुसरा रकाना भरायचा. आजी-आजोबांना विचारायचं, शेतावर बघायचं, वाचनालयात शोधायचं. जे जमा झालं त्यातलं निवडक खाली देते.

१. गिधाड

गिधाड शिकार करत नाही. वाघ-बिबट्यासारखी पकड त्याच्या पायांत नसते. ते मेलेलं जनावर खातं. त्याच्या पोटातलं आम्ल इतकं तीव्र असतं की सडक्या मांसातले अनेक घातक जंतू तिथे मरतात. डोक्या-मानेवर पिसं कमी असतात, कारण मांसात डोकं घालायचं तर पिसं माखून राहणं परवडणारं नाही. ज्याला आपण ओंगळ म्हणतो ती त्याची स्वच्छतेची सोय आहे.

१९८० च्या दशकात भारतात गिधाडांची संख्या काही कोटींत होती असा अंदाज आहे. गावाबाहेर जनावर टाकलं की थोड्याच वेळात हाडं उरायची. आमच्या मुलांच्या आजोबांनी हे डोळ्यांनी पाहिलेलं आहे. मग १९९० च्या दशकात गिधाडं मरायला लागली. राजस्थानातल्या भरतपूरच्या केवलादेव उद्यानात बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे विभू प्रकाश यांनी ही घट नोंदवली. १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत पांढऱ्या पाठीची गिधाडं ९९.९ टक्क्यांनी कमी झाली. म्हणजे हजारांतलं एक उरलं!

कारण सापडलं २००४ मध्ये. गुरांना ताप आणि सूज यांवर दिलं जाणारं डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक. औषध दिलेलं जनावर मेलं आणि गिधाडाने खाल्लं की त्याची मूत्रपिंडं निकामी होतात आणि काही दिवसांत ते मरतं. अभ्यासकांच्या हिशेबानुसार शंभर मेलेल्या जनावरांपैकी एकाहूनही कमी जनावरात हे औषध असलं तरी एवढी घट व्हायला पुरेसं होतं, कारण एका जनावरावर गिधाडांचा अख्खा थवा उतरतो. २००६ मध्ये भारताने जनावरांसाठीच्या डायक्लोफिनॅकवर बंदी घातली. पुढे २०२३ मध्ये किटोप्रोफेन आणि असेक्लोफिनॅक यांच्या जनावरांसाठीच्या वापरावरही बंदी आली. मेलॉक्सिकॅम हे गिधाडांना सुरक्षित असलेलं औषध उपलब्ध आहे.

गिधाडं गेल्यावर काय झालं? मेलेली जनावरं सडत पडली. त्यावर मोकाट कुत्री वाढली. कुत्र्यांबरोबर रेबीजचा धोका वाढला. भारतात आजही दरवर्षी सुमारे १८,००० ते २०,००० माणसं रेबीजने मरतात असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. मुंबईत मलबार हिलवरच्या डुंगरवाडीत पारशी समाजाची शतकानुशतकांची अंत्यसंस्काराची पद्धत अडचणीत आली आणि सूर्याची उष्णता एकवटणारी उपकरणं बसवावी लागली.

गिधाडाची मादी वर्षाला एकच अंडं घालते, म्हणून संख्या भरून यायला फार काळ लागतो. हरियाणातल्या पिंजोरच्या केंद्रात वाढवलेली काही गिधाडं २०२४ च्या सुरुवातीला आपल्याकडे ताडोबा आणि पेंचमध्ये आणली गेली. कोट्यवधी होती तेव्हा शिवी दिली. आता एकेकाला सांभाळून, मोजून, जंगलात परत सोडायची वेळ आली आहे. आणि गंमत बघा, रामायणात सीतेसाठी रावणाशी लढून प्राण देणारा जटायू गिधाडच मानला जातो. त्याला आपण हात जोडतो आणि त्याच्या वंशजांची नावं शिवीसाठी ठेवतो.

२. गाढव

आता माझी स्वतःची शिवी. घाबरलं की घोडा उधळतो, गाढव जागच्या जागी थांबतं. त्याचे रानटी पूर्वज आफ्रिकेच्या कोरड्या, दगडधोंड्यांच्या मुलखात राहत. तिथे आंधळेपणाने पळणं धोक्याचं होतं. थांबून, अंदाज घेऊन मग पाऊल टाकणं शहाणपणाचं. आपण पाठीवर बेसुमार ओझं लादतो, ते थांबतं आणि आपण म्हणतो, 'अडेल गाढव'.

माणसाने गाढव माणसाळवलं त्याला सुमारे सात हजार वर्षं झाली. आपल्या महाराष्ट्रातले घाट, वीटभट्ट्या, नदीकाठची वाळू, बांधकामं यांचा किती भार त्याने वाहिला असेल! जेजुरीला पौष पौर्णिमेला गाढवांचा बाजार भरतो, तिथे गाढव पारखून घेणारा माणूस त्याला मूर्ख समजत नाही. दात बघतो, पाय बघतो, चाल बघतो. ज्याचं पोट त्या जनावरावर आहे त्याला त्याची किंमत कळते. 'गाढवाला गुळाची चव काय' ही म्हण गुळाचं ओझं वाहायला लावून वर चव न देणाऱ्यानेच केली असावी, असं आमच्या वर्गातल्या एकाचं मत पडलं. मी त्याला शाबासकी दिली.

३. सरडा आणि मगर

पावसाळ्याच्या तोंडावर कुंपणावर लालबुंद गळ्याचा सरडा दिसतो. रक्त पितो अशी समजूत, म्हणून मुलं दगड मारतात. तो विणीच्या हंगामातला नर असतो. मादीला आपली ओळख पटवणं आणि दुसऱ्या नराला 'ही माझी जागा' असं सांगणं हे त्या रंगाचं काम. शॅमेलिऑनसारखे सरडेही मुख्यतः असा निरोप देण्यासाठी आणि अंगाची उष्णता सांभाळण्यासाठी रंग बदलतात. म्हणजे सरडा रंग बदलतो तो मनातलं सांगायला. मनातलं लपवायला रंग बदलणारा प्राणी वेगळाच आहे, आणि त्याला निवडणुकीत आपण बघतोच.

मगरीचं तसंच. पाण्याबाहेर तिच्या डोळ्यांत ओलावा दिसतो, तो डोळे कोरडे पडू नयेत म्हणून. त्यात दुःख नाही आणि ढोंगही नाही. खरी नवलाची गोष्ट दुसरीच आहे. अंड्यातून बाहेर यायच्या वेळी पिल्लं आतूनच आवाज करतात. तो ऐकून मादी माती उकरते आणि बाहेर आलेल्या पिल्लांना तोंडात धरून पाण्यापर्यंत नेते. रेड्याचं हाड मोडणारा जबडा, त्यात इवलंसं पिल्लू सुखरूप. सांगलीजवळ कृष्णेच्या काठी मगरी आहेत. त्या धोकादायक आहेत, काठावर सावध राहिलंच पाहिजे. पण धोकादायक असणं वेगळं आणि दुष्ट असणं वेगळं. मुलांना हा फरक सांगितला पाहिजे.

४. साप

हा भाग लिहिताना मला स्वतःबद्दल आणखी एक कबुली द्यायची आहे. काही वर्षांपूर्वी शाळेच्या आवारात एक लांब साप निघाला. मोठ्या मुलांनी काठ्यांनी मारला आणि मी त्यांना शाबासकी दिली. नंतर एका पालकांनी सांगितलं, "बाई, ती धामण होती. बिनविषारी. आमच्या शेतात आम्ही तिला हातही लावत नाही. ती आहे म्हणून धान्य आहे." धामण उंदीर खाते. आम्ही मुलांसमोर शेतकऱ्याचा राखणदार मारला आणि त्याला शौर्य म्हटलं.

साप डूख धरत नाही. कुणी मारलं हे लक्षात ठेवून वर्षभराने सूड घ्यायला येण्याइतका विचार त्याच्या मेंदूत होत नाही. सूड ही आपली सवय, ती आपण त्याच्यावर लादली. साप दूधही पीत नाही. नागपंचमीला तहानलेला ठेवलेला नाग दुधाला तोंड लावतो आणि त्याने आजारी पडतो. म्हणजे एक दिवस पूजा आणि बाकीचे दिवस काठी, दोन्हींत सापाला समजून घेणं नाहीच. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने साप पकडून खेळ करण्यावर बंदी आहे, हेही मुलांना सांगावं.

१९८० मध्ये पुण्यात नीलिमकुमार खैरे ७२ विषारी सापांबरोबर ७२ तास काचेच्या खोलीत राहिले होते. डिवचल्याशिवाय साप चावत नाही हे लोकांना पटावं म्हणून. ते जाणकार होते, मुलांनी असलं काही करायचं नाही, हे इथे ठासून सांगा. भारतात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने दरवर्षी सरासरी ५८,००० माणसं दगावली असा अभ्यास आहे. म्हणून नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं हे चार विषारी साप ओळखता आले पाहिजेत, अंधारात बॅटरी घेऊन चाललं पाहिजे, आणि दंश झाला तर मांत्रिकाकडे न जाता थेट दवाखाना गाठला पाहिजे. भीतीपेक्षा माहिती जास्त जीव वाचवते.

५. घुबड

घुबड घरावर बसलं की कुणीतरी जाणार, असं आपल्याकडे मानतात. एकीकडे ते लक्ष्मीचं वाहन, दुसरीकडे अशुभ. दिवाळीच्या सुमारास त्याच अंधश्रद्धेपायी घुबडांची चोरटी विक्री होते. प्रत्यक्षात गव्हाणी घुबड पूर्ण अंधारात केवळ आवाजावरून उंदीर पकडतं. त्याचे दोन्ही कान एका उंचीवर नसतात, त्यामुळे आवाज वर-खाली कुठून आला तेही त्याला कळतं.

पण मुलांना सगळ्यात आवडली ती रानपिंगळ्याची गोष्ट. हा छोटा घुबडाचा प्रकार. १८८४ मध्ये जेम्स डेव्हिडसन यांनी खानदेशात त्याचा नमुना मिळवला होता. त्यानंतर तो कुणाला दिसेना. रिचर्ड माइनर्टझहागन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने १९१४ मध्ये गुजरातेत आपल्याला तो मिळाल्याची नोंद केली. पुढे उघडकीला आलं की त्याने संग्रहालयातला जुनाच नमुना चोरून, त्यावर स्वतःच्या नावाची खोटी चिठ्ठी लावली होती! त्या खोट्या नोंदीमुळे शोध भलत्याच ठिकाणी होत राहिला. शेवटी पामेला रासमुसेन यांनी ही लबाडी बाजूला सारून खऱ्या जुन्या नोंदींचा माग काढला आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये आजच्या नंदुरबार जिल्ह्यात शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याशी, रानपिंगळा दिसला. तब्बल ११३ वर्षांनी.

मी वर्गात विचारलं, "या गोष्टीत लबाड कोण?" कुणीही कोल्ह्याचं नाव घेतलं नाही.

६. लांडगा आणि 'पडीक' जमीन

लांडग्यांच्या कळपात पिल्लांना फक्त आई-बापच भरवत नाहीत. कळपातले इतरही शिकारीहून आले की पोटातलं अन्न ओकून पिल्लांना देतात. लांडगा शेळ्या-मेंढ्या मारतो हेही खरं, आणि धनगराचं नुकसान खरं असतं. ते नाकारून चालत नाही, भरपाई वेळेवर मिळाली पाहिजे.

लांडगा राहतो तो पुणे, सोलापूर, अहिल्यानगर भागातल्या माळरानांवर. त्याच माळावर माळढोक होता, आता जवळजवळ दिसेनासा झाला आहे. आणि त्या माळाला आपण काय म्हणतो? 'पडीक जमीन'. म्हणजे कुणाच्याच कामाची नाही अशी. हरणं, खोकड, चंडोल, लांडगा, मेंढरं सगळी तिथे जगतात. पण आपल्याला तिथून पीक मिळत नाही, म्हणून ती पडीक. शिवी फक्त प्राण्याला देऊन आपण थांबत नाही, त्याच्या घरालाही देतो.

मग प्राणी काय संत आहेत?

आठवड्याच्या शेवटी एका मुलाने चांगलाच पेच टाकला. "बाई, आमच्या मांजरीने स्वतःचं पिल्लू खाल्लं होतं. मग तेही शिकायचं का?"

हा प्रश्न टाळू नका. वानरांच्या टोळीत नवा नर आला की आधीची तान्ही पिल्लं मारतो, हे अभ्यासकांनी आपल्याच देशात नोंदवलेलं आहे. निसर्गात असं पुष्कळ आहे. प्राण्यांना संत करून ठेवणं हाही आपलाच अहंकार. आधी त्यांना खलनायक केलं, आता कीर्तनकार करायचं. दोन्ही वेळा गोष्ट आपली आणि ते नुसते पात्र.

मी मुलांना असं उत्तर दिलं: प्राणी जसे वागतात तसं वागायचं, हा धडा नाही. चूक-बरोबर ठरवायची जबाबदारी माणसाची आहे, ती लांडग्यावर टाकता येत नाही. पण त्यांच्याकडे नीट पाहिलं की तीन गोष्टी शिकता येतात.

पहिली, आपल्याला वाटतं तेवढं आपल्याला कळलेलं नसतं. मारुती चितमपल्ली वनाधिकारी होते, पण जंगलाची भाषा ते जंगलात राहणाऱ्या लोकांकडून विद्यार्थ्यासारखे शिकले. म्हणून 'पक्षिकोश' लिहू शकले. अधिकार असूनही शिकायला बसणं, ही नम्रता.

दुसरी, जगात निरुपयोगी असं ज्याला म्हणतो, त्याच्या कामाचा हिशेब बहुतेक वेळा आपण मांडलेलाच नसतो. गिधाडाचा हिशेब ते गेल्यावर मांडला.

तिसरी, हे घर फक्त आपलं नाही. मगरींच्या कुळाचा इतिहास सुमारे वीस कोटी वर्षांचा आहे, आपला जेमतेम तीन लाख वर्षांचा. आणि तरी आज पृथ्वीवरच्या सगळ्या सस्तन प्राण्यांचं वजन केलं, तर साधारण ६० टक्के वजन आपल्या पाळीव जनावरांचं, ३६ टक्के माणसांचं आणि रानातल्या सगळ्या सस्तन प्राण्यांचं मिळून फक्त ४ टक्के भरतं. हत्ती, वाघ, देवमासे, उंदीर, सगळे त्या चारांत. शेवटी आलेल्या पाहुण्याने घरातल्यांना ओसरीवर काढलं, असं म्हणायला हरकत नाही.

त्या दोन मुलांचं काय झालं

पहिल्याच दिवशी मी वर्गासमोर दोघांची माफी मागितली. एकाची त्याच्या वडिलांबद्दल वर्गात जे बोललं गेलं त्याबद्दल. दुसऱ्याची, सगळ्यांसमोर त्याला हिणवल्याबद्दल. नंतर तो मला एकट्याला भेटून म्हणाला, "बाई, गाढव म्हटल्याचं काही नाही. सगळे हसले त्याचं वाटलं." तेव्हा मला कळलं की शिवीतला प्राणी कुठलाही असो, ती लागते माणसालाच.

प्राणी निवडायची वेळ आली तेव्हा घंटागाडीवाल्यांच्या मुलाने स्वतःहून गिधाड घेतलं. मला धाकधूक होती. त्याने सगळी माहिती, आकडे, औषधाचं नाव नीट सांगितलं. शेवटी कागद घडी करत एवढंच म्हणाला, "गिधाडं होती तेव्हा त्यांना कुणी विचारलं नाही. कमी झाल्यावर सगळे मोजायला लागले." वर्ग शांत होता. मग ज्याने शिवी दिली होती तोच बोलला. "दिवाळीत तीन दिवस गाडी आली नव्हती. आमच्या गल्लीत नाक धरून जावं लागत होतं."

त्याने माफी मागितली नाही, आणि ते दोघं जिवलग मित्रही झालेले नाहीत. पण त्या वर्गात 'गिधाड' ही शिवी मी पुन्हा ऐकली नाही. ज्याला आपण घाण काढायला लावतो, त्यालाच घाणेरडा म्हणतो, मग तो पक्षी असो की माणूस. प्राण्यांविषयीचा माज आणि माणसांविषयीचा माज एकाच मुळातून येतो, हे मला त्या दिवशी मुलांकडून कळलं.

वर्गात आणि घरी घेण्यासाठी

१. दोन रकान्यांचा तक्ता करा. पहिला रकाना मुलांना तोंडी भरू द्या. दुसरा रकाना आठवडाभर पाहून, विचारून आणि वाचून भरायचा. जे पाहिलं आणि जे नुसतं ऐकलं, त्यांपुढे वेगवेगळ्या खुणा करायला लावा.

२. एक प्राणी, दहा मिनिटं. रोज एकाच ठिकाणी बसून कावळा, मुंगी, पाल, सरडा यांपैकी एकाकडे पाहायचं आणि फक्त दिसलं ते लिहायचं. 'दुष्ट', 'लबाड', 'बिचारा' हे शब्द वापरायचे नाहीत. मुलांना हे वाटतं त्यापेक्षा अवघड जातं.

३. घरातल्या मोठ्यांची मुलाखत. "तुमच्या लहानपणी कोणते पक्षी-प्राणी दिसायचे, आता कोणते दिसत नाहीत?" गिधाडं शेवटची कधी पाहिली, हे जरूर विचारायला सांगा.

४. म्हण दुरुस्त करा. एखादी म्हण किंवा वाक्प्रचार घेऊन, प्राण्याची खरी माहिती कळल्यावर ती नव्याने लिहायची. जुनी म्हण परीक्षेसाठी पाठ असू द्या, ती भाषेचा ठेवा आहे. फक्त ती माणसाने माणसाबद्दल केलेली आहे, प्राण्याबद्दलची माहिती नाही, एवढं मुलांना कळू द्या.

५. पालकांसाठी: पाल, कोळी, साप दिसला की आपली पहिली प्रतिक्रिया मूल बघत असतं. चप्पल उचलायच्या आधी एकदा "हे काय आहे, बघू या" एवढं म्हणून बघा. विषारी सापाची शंका आली तर मुलांना लांब करा आणि सर्पमित्राला बोलवा.

शेवटी खरं सांगायचं तर जुनी सवय एका आठवड्यात जात नाही. परवाच एका मुलाने शाईची बाटली वहीवर उपडी केली आणि माझ्या तोंडून निघालं, "अरे गाढ..."

अख्खा वर्ग एका सुरात ओरडला, "बाई, दुसरा रकाना!"

मी थांबले, आणि फडकं आणायला गेले.